शंभर, तिरकी काठी, नव्वद

दादा, तेरा दिवस मी तुझ्या मोटारसायकलच्या मागच्या टायरकडे बघितलं नाही. काल सकाळी बघितलं. तेव्हापासून डोक्यात जो गोंधळ चाललाय तो कुणाला सांगावा म्हटलं, तर असल्या गोष्टी ऐकून घेणारा माणूस एकच होता, आणि तो तू. म्हणून तुलाच सांगतो. एरवी मी बोलायला लागलो की ‘मधे बोलू नकोस’ म्हणायची मला सवय. या वेळी म्हणत नाही. बोलता आलं तर बोल.

तू पडलास ते वाडीच्या अलीकडच्या वळणावर. पाऊस उघडून तासभर झाला होता. रस्ता ओला होता. मागून कडब्याची गाडी घेऊन येणाऱ्याने पाहिलं, तो सांगत होता की पुढचं चाक सरळ होतं, मागचं सरकलं. मला फोन आला तेव्हा मी साताऱ्यात नववीच्या वर्गावर होतो. मिरजेला दवाखान्यात पोचलो तोवर तुझं बोलणं थांबलं होतं. तीन दिवस काचेच्या दाराबाहेर बसलो. वहिनी देवाचं नाव घेत होत्या, तुझी लेक हिरा डॉक्टरांच्या मागे पळत होती, आणि मी एकच वाक्य घोळवत होतो. मागचं चाक सरकलं म्हणजे टायर सरकलं, आणि ते टायर तर मी पाठवलेलं.

हे मी कुणाला बोललो नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. गाडी शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्यावर कुणीतरी तुझीच काळी घोंगडी टाकली होती. मी रांजणापाशी पाणी प्यायला जायचो ते तिच्याकडे पाठ करून. घोंगडीचं टोक उचलायचं आणि टायरवरचा आकडा वाचायचा, एवढंच काम. मी गणिताचा मास्तर, आकड्याला कधी घाबरलो नाही. या आकड्याला घाबरलो.

सुरुवात आठवते का? गणपतीत तुझा फोन आला होता.

“मास्तर, मागचं टायर पार गुळगुळीत झालंय रं. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन खाली जायाचं. वाघर, भांडी, दोन-चार कोकरं, वर तुजी वैनी, एवढं लादून घाट उतरायचा म्हंजी टायर धड पायजे. म्हादूकडनं घिऊन टाकू का?”

वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची ती जाळी. ती भिजली की दोन माणसांना उचलत नाही, हे मला माहीत आहे; लहानपणी मी ती उचलायला लागू नये म्हणून पोट दुखतंय म्हणायचो. पण म्हादूचं नाव ऐकलं आणि माझ्यातला सातारकर जागा झाला. फाट्यावरचा पंक्चरवाला, पत्र्याची टपरी, तो काय टायर देणार?

“म्हादूकडून काही घेऊ नकोस. इथे चांगली दुकानं आहेत. टायर माझ्याकडून. तू फक्त नंबर सांग.”

“कुठला नंबर? हितं आकड्यांची पार जत्रा भरलीय. दोनशे अठरा हाय, दोनशे पंचवीस हाय.”

“ते वजनाचं आणि हवेचं असेल. दुसरा बघ.”

“मोठ्या अक्षरात हाय एक. शंभर, मग तिरकी काठी, नव्वद, मग...”

“शंभर कसं असेल दादा? तुझ्या गाडीचं पुस्तक माझ्यापाशी आहे. मागचं टायर तीन इंच, अठराची रिम. छापलेलं आहे.”

“तीन न्हाई रं, शंभर हाय. मला काय शंभर वाचता येत न्हाई व्हय?”

“अरे उलटंसुलटं वाचतोयस तू. अडाण्यासारखं करू नकोस.”

 तू म्हणालास, “बरं. मी मोजून पाठवतो. तुजं तू बघ.”

पुस्तक माझ्याकडे राहिलं होतं, कारण गाडी तुझ्या नावावर करायची कागदपत्रं मीच केली होती. त्या पुस्तकाचा मला किती अभिमान! गाडी तू सेकंडहँड घेतलीस, तिच्यावर अकरा वर्षं बसलास, तिचा प्रत्येक नट तुझ्या ओळखीचा. आणि तिच्यावर काय आहे हे मी तुला साताऱ्यातून पुस्तकात बघून सांगत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझा बैल कायमच रिकामा राहिलाय, फक्त या वेळी मला ते फार उशिरा कळलं.

दोन दिवसांनी ओळखीच्या कंडक्टरबरोबर तुझं माप आलं. काळ्या लोकरीची दोरी, तू स्वतः वळलेली, तिला दोन गाठी. या गाठीपासून त्या गाठीपर्यंत टायरचा घेर. रुंदीसाठी निरोप होता: चार बोटं.

मी हसलो. घरात सगळ्यांना दोरी दाखवून हसलो. मग टेबलावर टेप पसरून ती मोजली. एकशे साडेअठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. पायने भागलं, व्यास आला साठ सेंटिमीटर. चार बोटं म्हणजे तीन इंच, हे माझं पाठ. जुन्या टायरची उंची साधारण रुंदीएवढीच असते असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून वरून तीन इंच आणि खालून तीन इंच वजा केले. उरले सतरा पूर्णांक सहा दशांश. टायर झिजलेलं, म्हणजे थोडं कमी येणारच. सतरा पूर्णांक सहाचे अठरा. पुस्तकातही अठरा! मी मांडीवर थाप मारली. दादा, इतकं चोख उत्तर माझ्या हातून आजवर आलं नव्हतं.

दुकानात काउंटरवर चष्म्यातून बघणारे एक काका होते. शांत माणूस. त्यांनी मला टायरचा आकडा कसा वाचायचा ते समजावून सांगितलं. जुन्या पद्धतीत रुंदी इंचात लिहितात, नव्या पद्धतीत मिलिमीटरमध्ये. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. तिरक्या रेघेनंतरचा आकडा उंचीचा, पण तो मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या किती टक्के ते. आणि शेवटचा रिमचा, तो मात्र इंचात.

“म्हणजे एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच?” मी म्हटलं. “माझ्या वर्गात कुणी असं लिहिलं तर मी शून्य देतो.”

“द्या की सर,” काका म्हणाले, “पण टायर त्यानंच बसतं.”

मग त्यांनी विचारलं, जुन्या टायरवर काय लिहिलंय? गाडी आणा, नाहीतर तो आकडा आणा. काही गाड्यांची चाकं बदललेली असतात, पुस्तकावर जाऊ नका.

यावर मी काय म्हणालो ते तुला सांगायचं राहिलं. मी म्हणालो, “आकडा झिजलाय, वाचता येत नाही.”

का म्हणालो? खरंच कळत नाही. ‘माझा भाऊ शंभर म्हणत होता’ असं सांगता आलं असतं. त्यांनी आत्ताच तर सांगितलं होतं की शंभर असू शकतं. माझ्या कानाने ते ऐकलं आणि डोक्यापर्यंत पोचू दिलं नाही. अडाण्यासारखं म्हणालो होतो ना तुला! आता शंभर खरं निघालं तर ते परत घ्यावं लागणार. चार माणसांत नव्हे, एका काउंटरवरच्या काकांसमोरसुद्धा मला ते जमलं नाही. तीन-अठराचं टायर घेतलं, एसटीच्या पार्सलने लावून दिलं आणि चार दिवसांनी तुला फोन केला.

“बसलं ना टायर?”

“बसलं की. लय झ्याक बसलंय.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?”

“तू म्हनला हुतास बाबा.”

पुढे तर मी कहरच केला. ते गणित नववीच्या फळ्यावर घातलं. एका झिजलेल्या टायरचा परीघ अमुक, रुंदी तमुक, तर रिमचा व्यास काढा. सगळ्या वर्गाने अठरा काढलं. मी स्टाफरूममध्ये सांगत सुटलो की गणित हे असं रोजच्या जगण्यात उपयोगी पडतं. तू त्या वेळी कुठल्या टायरवर फिरत होतास, दादा?

आपल्या दोघांचं भांडण तसं जुनंच. लोक सांगतात तशी आपली गोष्ट नाही, म्हणजे थोरल्याने मेंढरं राखली म्हणून धाकटा शिकला वगैरे. तुला शाळा नको होती आणि मला मेंढरं नको होती, त्याग कुणीच केला नाही. तू चौथीतून पळालास तो आनंदाने. पण मी शिकलो आणि तुझ्याशी वाद घालायला मला हत्यार मिळालं. मी विचारायचो, कळपात मेंढरं किती? तू म्हणायचास, हायत की सगळी. सगळी म्हणजे किती? “मोजल्यानं का वाडत्यात?” मी म्हणायचो, न मोजता एखादं हरवलं तर कळणार कसं? तू म्हणायचास, “आरं, घरात आई हाय का न्हाई हे काय माणसं मोजून कळतंय?”  तू होतास तोवर यावर ‘तू विषय बदलतोस’ म्हणून सुटका करून घ्यायचो.

आणि तरी माझ्या आकड्यांचा सगळ्यात मोठा अभिमान तुलाच होता. माझी पहिली नोकरी मेढ्याला. मुलाखतीला तू मला याच गाडीवरून घेऊन गेलास. पहाटे निघालो, विटा ओलांडेस्तोवर माझे पाय बधिर झालेले. उताराला तू इंजिन बंद करायचास, मी मागून ओरडायचो की हे नियमाविरुद्ध आहे, तू वाऱ्यात ऐकू येत नसल्याचं सोंग करायचास. शाळेच्या आवारात मी घामाघूम, आणि तू पिंपळाखाली बसून खुशाल लोकर वळत होतास. मुलाखत संपवून मुख्याध्यापक बाहेर आले, तर तू उठून त्यांच्यासमोर उभा. मला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तू हात जोडून म्हणालास, “आवं सायेब, माज्या भावाला घ्या. ह्येला आकडं लय येत्यात. आमच्या सात पिढ्यांत असा आकडंवाला झाला न्हाई.”

नोकरी मिळाली. तुझ्यामुळे मिळाली असं नाही, पण ते वाक्य मी आयुष्यभर मनात ठेवलं आणि तुला कधी सांगितलं नाही की मला ते किती आवडलं होतं. उलट परतीच्या वाटेवर तुला झापलं, की साहेबांसमोर असं बोलतात का. तू हसत होतास. पाठीमागून मला तुझे फक्त कान दिसत होते, ते हसताना वर व्हायचे.

आता कालचं सांगतो.

काल सकाळी वहिनी म्हणाल्या, “भावजी, मागचं टायर बदलून आणा. दिवाळी झाली की कळप हलवायचाय. हिरा म्होरं जाऊन वावरं बगून येनार हाय. गाडी पायजे.” इतकं साधं बोलल्या. रडून झालं होतं आणि मेंढरांना चारा तर हवाच होता. कुणाच्या शेतात कळप बसवायचा हे आधी जाऊन ठरवावं लागतं, ते काम तुझं होतं, आता पोरीचं. हिराने घोंगडी खसकन ओढून घडी घातली. मला तोंड फिरवायला वेळच मिळाला नाही.

मी गुडघ्यावर बसलो. टायर गुळगुळीत होतं. मधल्या पट्ट्यात आतला धागा दिसायला लागलेला. हे महिन्या-दीड महिन्याचं टायर नव्हे, हे मला पहिल्या नजरेत कळलं. मग बाजूला बोट फिरवलं. माती निघाली आणि आकडा आला. शंभर, तिरकी रेघ, नव्वद, आडवी रेघ, सतरा. कुठे झिजलेला नाही, पुसलेला नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, तसा लख्ख.

म्हणजे माझं टायर या गाडीवर नव्हतंच!

दादा, मला आनंद झाला. खोटं बोलत नाही, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. माझ्या टायरने तुला पाडलं नाही. मी तिथेच धुळीत बसून रडलो, आणि हिराला वाटलं मी तुझ्यासाठी रडतोय. रडून झालं, नाक पुसलं, मग विचार आला की माझं टायर गेलं कुठे?

ते शेडमध्ये होतं. लोकरीच्या पोत्यांमागे, कागदाच्या पट्ट्या न सोडलेलं, नव्या टायरला बारीक बारीक रबराचे केस असतात तेसुद्धा जसेच्या तसे. वर एक गोणपाट झाकलेलं. मला दिसू नये म्हणून झाकलं होतंस ना? मी घटस्थापनेला एक दिवस येऊन गेलो, तेव्हा गाडीही शेडमध्येच होती, आणि तू मला तिकडे फिरकू दिलं नव्हतंस. म्हणालास, आत पिसवा झाल्यात.

वहिनी दारात उभ्या होत्या.

“त्ये बसलं न्हाई भावजी. म्हादूनं दोनदा बगितलं. चाकापरीस मोटं हुतंय म्हनला. ह्ये म्हनले, सिदूला सांगू नगंस. कवतिकानं पाठवलंय. दिवाळीला येईल तवा हसत हसत सांगू, आनि बदलून घिऊ.”

“मग तोवर दुसरं का नाही घेतलं त्याने?”

“म्या म्हनलं की. तर म्हनले, दुसरं घातलं आनि तो आला, तर त्यो आकडा बगंल आनि त्येला लगीच कळंल. हाय ह्येच चालवतो चार दिस.”

चार दिवसांचे पंचवीस झाले.

मी ते आकडे घेऊन म्हादूच्या टपरीवर गेलो. गाडी ढकलत गेलो, बसायचं धाडस झालं नाही. म्हादूने टायर काढता काढता सांगितलं, “चाकच दुसऱ्या गाडीचं हाय की मास्तर. पयलं वाकलं तवा मीच ह्ये बसवलेलं. सतराचं हाय. बिरूदादानं तुमास्नी सांगितलं न्हवतं?”

सांगितलं होतं. म्हादूसमोर उभा असताना मला आठवलं. एका दिवाळीत तू चाकाची सगळी कथा रंगवून सांगत होतास आणि मी मोबाईलमध्ये बघत हूं हूं करत होतो.

मग मी तिथेच, म्हादूच्या पाटीवर खडूने, पुन्हा गणित मांडलं. दोरी बरोबर होती. घेर बरोबर, भागाकार बरोबर. सतराचं रुंद टायर आणि अठराचं अरुंद टायर, बाहेरचा घेर जवळपास सारखाच येतो, त्यामुळे दोरीवरून दोघांतला फरक कळायचा नाही. चुकली ती रुंदी. चार बोटं म्हणजे तीन इंच, हे माझं पाठांतर कुठल्यातरी पुस्तकातल्या माणसाच्या बोटांचं. तुझ्या बोटांचं नाही. ज्या हाताचं एक बोट धरून मी लहानपणी यल्लमाच्या जत्रेत फिरलो, आणि ते एक बोट माझ्या अख्ख्या मुठीत मावायचं नाही, त्या हाताची चार बोटं जवळजवळ चार इंच भरतात. चार इंच म्हणजे शंभर मिलिमीटर. तू फोनवर तेच सांगत होतास. आकड्याने सांगितलंस, बोटांनी सांगितलंस. मी तुझी बोटं विसरलो, दादा. शाळेतल्या पोरांना शिकवताना मी म्हणतो, एकक लिहायला विसरू नका. आणि मी कुणाची बोटं तेच विचारलं नाही.

म्हादूला मी विचारलं, टायरमुळे झालं का रे? खरं सांग.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. “मास्तर, वळणावर ट्रॅक्टरच्या चाकाची माती सांडलेली हुती. वर पाऊस. नवं टायर असतं तरी सरकलं असतं का न्हाई, मला न्हाई सांगता येत. कदाचित धरलं असतं. कदाचित न्हाई. मी देव न्हाई.”

मला उत्तर हवं होतं. हो म्हणाला असता तरी चाललं असतं, निदान हिशेब मिटला असता. आता मी काय धरू? माझं टायर गाडीवर असतं तर मी दोषी होतो. नव्हतं, म्हणून मी सुटलो. पण ते नव्हतं कारण ते चुकीचं होतं, आणि ते चुकीचं होतं म्हणून जुनं तसंच राहिलं, आणि जुनं राहिलं म्हणून... इथे आलं की मी परत पहिल्या ओळीवर जातो. कालपासून असंच चाललंय. कधी वाटतं मी मारलं तुला. कधी वाटतं, हा माझा अहंकारच बोलतोय, पाऊस आणि माती मधे असताना सगळं श्रेय मीच कशाला घेतो? कधी तुझाच राग येतो. कुठल्याही बाजूने भाग दिला तरी बाकी उरतेच.

संध्याकाळी मी वहिनींना सांगून टाकलं. चुलीपुढे बसल्या होत्या. म्हटलं, “वैनी, टायर मी चुकीचं आणलं. दादाने फोनवर बरोबर नंबर सांगितला होता. मी त्याला अडाणी म्हणालो.”

त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. “मला ठावं हाय. मी हितंच बसले हुते की.”

“मग त्याने नंतर तरी का नाही सांगितलं? मी विचारलं होतं.”

आता त्या थांबल्या. “तुमी इचारलं कवा भावजी? तुमी सांगितलं. तुमचा फोन आला म्हंजी ह्ये उटून उबं ऱ्हायाचं. मास्तरचा फोन हाय म्हनायचं. त्यास्नी वाटायचं, तुमचा आकडा चुकला ह्ये तुमास्नी सोसायचं न्हाई.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं आणि मी जेवलो. भूक लागली होती, याचीही लाज वाटली.

आज सकाळी म्हादूने शंभर-नव्वद-सतरा बसवलं. टायरच्या बाजूला एक बाण असतो, चाक कुठल्या दिशेने फिरणार ते दाखवणारा. तो बरोबर दिशेला आहे का, हे मी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो हसला आणि म्हणाला, “बगा की तुमीच.” मी वाकून बघितलं. हिराने किक मारली, ओढणी कमरेला खोचली आणि निघाली. मी ‘हळू जा’ म्हणणार होतो, म्हटलं नाही. वळणापाशी तिने वेग कमी केला. पलीकडे गेल्यावरही आवाज बराच वेळ येत होता, तो मी उभा राहून ऐकला.

एसटीला अजून अवकाश आहे, म्हणून फाट्यावर बसून हे लिहितोय. लिहून तुझ्यापर्यंत पोचणार नाही, हे मला कळतं. तुझा चांगुलपणा लोक सांगतायत, तेराव्याला तर रांग लागली होती. बिरूदादाने कधी कुणाला दुखावलं नाही म्हणतात. मला मात्र तुझ्या या एका चांगुलपणाचा राग येतोय, आणि तो राग कुठे ठेवावा ते समजत नाही. माझा आकडा चुकला हे मला सोसणार नाही, असं तू का ठरवलंस? माझ्यापासून का झाकलंस ते गोणपाटाखाली? मी तुझा भाऊ होतो रे, कुणी साहेब नव्हतो. चार शिव्या द्यायच्या होत्यास. ‘मास्तर, अक्कल हाय का तुला, ह्ये काय पाठवलंस’ एवढं फोनवर म्हणायचं होतंस.

मला राग आला असता. तुझ्याशी मी आठवडाभर बोललो नसतो. पण त्याच रविवारी दुसरं टायर खांद्यावर घेऊन वाडीवर आलो असतो, दादा. तोंड फुगवून का होईना, आलो असतो.